पंखे बंद ठेवायचे दिवस

शेवगावला बदली झाली तेव्हा ज्या घरात मी खोली घेतली, त्या घरमालकांनी पहिल्याच दिवशी आपल्या अटी सांगून टाकल्या. फाटकाला कडी लावायची, नळ टपकता ठेवायचा नाही, आणि भाड्याची पावती घेतल्याशिवाय उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. बँकेत नोकरी करणारी बाई म्हणून मला शेवटची अट फार आवडली. एक अट मात्र त्यांनी सांगितलीच नव्हती. ती जूनमध्ये कळली.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. संध्याकाळी बँकेतून घामाघूम होऊन आले, बटण दाबलं, तर दिवा लागला पण पंखा ढिम्म. लाईट गेली म्हणावं तर गेलेली नाही. मी तक्रार करायला शेजारच्या हॉलमध्ये गेले आणि दारातच थांबले. हॉलभर कागद पसरले होते. मधोमध घरमालक बनियन-पायजम्यात मांडी घालून बसले होते, नाकावरून घाम गळत होता आणि तो कागदावर पडू नये म्हणून त्यांनी खांद्यावर पंचा घेतला होता. मी पाऊल उचललं तसे ते म्हणाले, "जपून, मॅडम. तिथं पेन्शन हाय."

पंख्याच्या लाईनीचा फ्यूज त्यांनीच काढून खिशात घातला होता. माझी खोली आणि त्यांचा हॉल यांच्यामधल्या भिंतीला वर जाळी होती. माझ्या पंख्याचा वारा त्या जाळीतून येऊन त्यांचे कागद उडवतो, असं त्यांचं म्हणणं होतं. वारा इतक्या वळणांनी कसा जाईल, हे मी त्यांना समजावून सांगायला लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला पुठ्ठ्याचा एक तुकडा दिला, वारा घालायला.

सगळी गल्ली त्यांना सर म्हणायची, म्हणून मीही सर म्हणू लागले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. उंच, काटकुळे, चष्म्याला दोरी बांधलेली. मूलबाळ नव्हतं. बायको सरकारी दवाखान्यात नर्स होती. अख्खं गाव तिला सिस्टर म्हणायचं, म्हणून तेही तिला सिस्टरच म्हणायचे. बायकोला सिस्टर म्हणणारा दुसरा नवरा मी पाहिलेला नाही. मी राहायला जायच्या आधीच्या हिवाळ्यात सिस्टर गेल्या होत्या. घराचं एक अंग रिकामं पडलं म्हणून ते भाड्यानं दिलं होतं.

इन्कम टॅक्सच्या रिटर्नसाठी कागद गोळा करणं हे तुमच्याआमच्यासाठी कटकटीचं काम. सरांच्या घरी तो मोसम होता. त्याला ते 'कागद लावणं' म्हणायचे. नगरचे एक वकीलसाहेब त्यांचं रिटर्न भरायचे. त्यांची अपॉइंटमेंट जुलैच्या सुरुवातीची असायची आणि कागद लागायला सुरुवात व्हायची जूनच्या मध्याला. पेन्शनचा फॉर्म सोळा, बँकेच्या व्याजाचे दाखले, विम्याच्या पावत्या, घरपट्टी, माझा भाडेकरार, माझ्याच पावत्यांच्या स्थळप्रती. प्रत्येकाची जागा ठरलेली आणि प्रत्येकावरचं वजनही ठरलेलं.

वजन म्हणजे स्वयंपाकघरातल्या वस्तू. पेन्शनवर वरवंटा. बँकेच्या व्याजावर खलबत्त्यातला बत्ता. विम्यावर पितळेचा तांब्या, घरपट्टीवर अडकित्ता. लाटणं एकदा वापरून पाहिलं होतं म्हणे, पण ते घरंगळतं आणि बेभरवशाचं आहे. माझ्या भाडेकरारावर किसणी ठेवली होती. किसणीच का, असं मी विचारलं, तर म्हणाले, नवा कागद आहे, अजून कायमची वस्तू ठरायची आहे.

मला आधी या प्रकाराचं हसू आलं. रात्रीच्या फोनवर आईला सगळं रंगवून सांगितलं. आई वाईला एकटी राहायची. निवृत्त शिक्षिका. रोज जेवणानंतर तिचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला, जेवलीस का. जाळीतून सरांना सगळं ऐकू जायचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, "आईसाहेबांना कळवा, पंखा बंद असला तरी पोरगी जिवंत हाय."

मग हळूहळू माझ्या लक्षात आलं की सर घरात काही शिजवतच नाहीत. त्यांना डबा यायचा. वरवंटा, बत्ता, अडकित्ता, तांब्या या सगळ्या सिस्टरच्या वस्तू. एरवी त्या मांडणीवर पालथ्या पडलेल्या असत आणि जूनमध्ये खाली उतरत. त्या संध्याकाळी मी पुन्हा हॉलमध्ये डोकावले तेव्हा मला हसू आलं नाही. त्या हॉलमध्ये कुणीतरी मोठ्या स्वयंपाकाची तयारी मांडून उठून गेल्यासारखं वाटत होतं. मला एकदम आईची आठवण आली आणि मी खोलीत येऊन उगाच दार लावून घेतलं.

त्या पहिल्या वर्षी कागदांचे दोन भाग होते. एक सरांचा आणि एक सिस्टरचा. माणूस गेलं तरी त्याचं शेवटचं रिटर्न वारसानं भरायचं असतं. त्यासाठी वारस म्हणून आपली नोंद करावी लागते आणि मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. सिस्टरचे सगळे कागद खिडकीजवळ, उजेडाच्या बाजूला लावलेले होते. दाखला तेवढा त्यात दिसत नव्हता. बँकेच्या सवयीनं मी विचारलं, सर, एक कागद कमी आहे. त्यांनी छातीवरच्या खिशावर हात ठेवला. तो कागद तिथं होता. त्याच्यावर वजन ठेवायला त्यांचं मन झालं नव्हतं.

कागदाचं एवढं वेड कशासाठी, हे त्यांनी मला कधी बसवून सांगितलं नाही. ते तुकड्या-तुकड्यांनी कळलं. सरांची जन्मतारीख एक जून. त्यांच्या वयाच्या अर्ध्या गावाची तीच आहे, कारण मास्तर दाखला लिहिताना तीच टाकायचे. "माझा जल्म शाळेच्या दाखल्यात झाला," असं ते म्हणायचे. त्यांचे वडील जुन्या काळात गावाचे निरोपे होते. सांगावा घेऊन या गावाहून त्या गावाला पळायचं, बदल्यात दारोदारची भाकरी. पुढे घरानं बौद्ध धम्म घेतला, ते काम सोडलं, पोराला शाळेत घातलं. एकदा घरपट्टीवरचा अडकित्ता सरळ करता करता सर म्हणाले, "बापानं जल्मभर गावाचं काम केलं. पन तो हुता, असा एक कागद दाखवा मला. एक न्हाई."

मास्तरकी लागून काही वर्षांनी त्यांच्या पगारातून पहिल्यांदा टॅक्स कापला गेला, त्या दिवशी त्यांनी शाळेत पेढे वाटले होते. बाकीचे मास्तर कापलेल्या टॅक्सला शिव्या देत होते आणि हे पेढे देत होते. हेडमास्तरांना वाटलं, घरी मुलगा झाला. सर म्हणाले, नाही, सरकारनं मला ओळखलं. तेव्हापासून गावात त्यांच्याबद्दल 'मास्तरचा एक आटा ढिला आहे' असं बोललं जायचं. सिस्टरनी मात्र त्यातला एक पेढा दवाखान्यात नेऊन डॉक्टरांना दिला होता, हे सर अभिमानानं सांगायचे.

दुसऱ्या वर्षी सरांचा मोतीबिंदू काढला होता आणि ऊन सोसवत नव्हतं, म्हणून अपॉइंटमेंटला मी बरोबर गेले. सुट्टीचा शनिवार होता. अपॉइंटमेंटची बातमी गल्लीत आठवडाभर आधीच पसरली होती, कारण दूधवाल्यापासून डबेवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांना त्यांनी ती सांगितली होती. इस्त्रीचे पांढरे कपडे, गुळगुळीत दाढी. खाकी पिशवी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मांडीवर घेतलेली. एसटीत मला बाई म्हणून अर्धं तिकीट आणि त्यांना ज्येष्ठ म्हणून अर्धं. आपण दोघं मिळून एक प्रवासी, असं ते म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर तिसगाव येईपर्यंत खूश होते.

पुढे करंजीच्या घाटात ते पुटपुटायला लागले. मला वाटलं, बुद्धवंदना म्हणतायत. मग शब्द कानावर आले. दात बसवला. मोतीबिंदू काढला. दारातल्या आंब्याला पहिल्यांदा मोहर आला. ते पाठांतर करत होते. कशाचं, ते नगरला पोचल्यावर कळलं.

वकीलसाहेब सरांच्याच वयाचे, सावकाश बोलणारे. ऑफिस जुन्या पेठेतलं, दोन खुर्च्या आणि एक कॉम्प्युटर, ज्यावर त्यांची सून काम करायची. खरं तर सरांचं बहुतेक सगळं त्या कॉम्प्युटरवर आधीच येऊन बसलेलं असायचं. पेन्शन, व्याज, कापलेला कर. सुनेनं बटण दाबलं की पाच मिनिटांचं काम. पण वकीलसाहेब पिशवीतला एकेक कागद हातात घेत, वाचत, पालथा ठेवत. शेवटी पेनाचं टोपण काढून विचारत, "मग मास्तर, या वर्षी काही नवीन?"

तो प्रश्न टॅक्सचाच होता. घर घेतलं का, विकलं का, कुठून काही मिळालं का, असा. सरांनी मात्र दाताचं सांगितलं, डोळ्याचं सांगितलं, आंब्याचं सांगितलं. वकीलसाहेब यातलं काही लिहून घेत नव्हते, पण टोपण काढलेलं पेन हातात धरून शेवटपर्यंत ऐकत होते. आधीच्या वर्षी याच खुर्चीत बसून सरांनी सिस्टर गेल्याचं सांगितलं असणार. मला तेव्हा कळलं की गल्लीतले लोक सरांना रामराम घालतात, डबा आला का विचारतात, पण वर्षभरात तुझं काय झालं, असं विचारणारा माणूस त्यांना एकच आहे आणि त्याला भेटायला साठ-सत्तर किलोमीटर जावं लागतं.

घरी परतल्यावर कागद कपाटात गेले, वस्तू मांडणीवर गेल्या आणि सरांनी फ्यूज बसवला. त्यांच्या हॉलमधला पंखा जुना होता, करकर करायचा. जाळीतून ती करकर ऐकू आली की मोसम संपला, असं समजायचं. तेवढे दिवस मला ती नसल्यानं झोप लागत नव्हती, ही गोष्ट मी आईलाही सांगितली नाही.

पुढच्या जूनमध्ये सर कागद लावताना अडकून बसले होते. घरपट्टीच्या नव्या पावतीवर जिल्हा अहिल्यानगर आला होता. जुन्या सगळ्या कागदांवर अहमदनगर. मी सांगितलं, सर, त्यानं काही बिघडत नाही, पॅन नंबर तोच आहे. त्यांनी मान हलवली, पण हातातली पावती खाली ठेवली नाही. खिडकीकडे बघत म्हणाले, "म्हंजे सिस्टर त्या जिल्ह्यात राहिली, आन मी ह्या जिल्ह्यात आलो." मी चहा ठेवायला आत गेले.

त्या वर्षीच्या अपॉइंटमेंटला ते एकटेच जाऊन आले. रात्री जाळीपलीकडून त्यांनीच हाक मारली. एक जूनला, म्हणजे मास्तरांनी दिलेल्या तारखेनं, त्यांना पंचाहत्तर पूर्ण झाली होती. एसटीचं तिकीट पूर्ण माफ झालं होतं. आणि वकीलसाहेबांनी आनंदाची बातमी म्हणून सांगितलं होतं की पंचाहत्तरीनंतर नुसती पेन्शन आणि त्याच बँकेचं व्याज असेल, तर रिटर्न भरायची गरजच उरत नाही. बँकेला एक फॉर्म दिला की बँकच कर कापून मोकळी होते. कागद नको, नगरला यायला नको.

"मग मी त्यांला सांगितलं," सर म्हणाले, "माझं भाडं येतं. भाडेकरू हाय माझ्याकडं." भाड्याचं उत्पन्न असलं की ही सूट लागू होत नाही. वकीलसाहेब हसले म्हणे, मग या पुढच्या वर्षी. माझ्यामुळं त्यांची अपॉइंटमेंट वाचली होती. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात आंब्याच्या लोणच्याची बरणी होती.

आणि दिवाळीनंतर माझी पुण्याला बदली झाली.

सरांना सांगायला मला आठवडा लागला. त्यांनी ऑर्डर मागून घेतली, पुन्हा पुन्हा वाचली, तारीख आणि सही बघितली आणि परत दिली. सामान बांधायच्या दिवशी ते भाडेकरार घेऊन आले. खोलीला कुलूप माझं राहू दे, करार चालू राहू दे, भाडं द्यायची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, सर, भाडंच नाही तर करार कशाचा. त्यांनी कराराची घडी घातली. मग म्हणाले, "बरोबर हाय. खोटा कागद नको." त्यांनी माझ्या देखत शेवटची पावती फाडून दिली. पुण्यापर्यंतच्या प्रवासात मला रडू येत होतं, आणि खोटं बोलून हो म्हटलं असतं तर बरं झालं असतं असंही वाटत होतं. पण त्यांनी तो कागद कधीच पिशवीत घातला नसता.

नवा भाडेकरू मिळाला नाही. बघायला माणसं यायची, पण शेजारीपाजारी जूनची हकिगत सांगायचे आणि येणारा फाटकातूनच परत जायचा. अटीतून पंख्याचं तेवढं काढा, असं मी फोनवर सुचवलं. आपल्याला ते जमणार नाही, असं सर म्हणाले.

त्या वर्षाचं रिटर्न भरायला ते गेले, कारण माझं काही महिन्यांचं भाडं त्यात होतं. रात्री त्यांनी फोन केला. वकीलसाहेबांनी कागद बघितले, पेनाचं टोपण काढलं, नेहमीचा प्रश्न विचारला. सरांनी या वेळी पाठांतर केलं नव्हतं. "म्हनलं, घर रिकामं झालं." वकीलसाहेबांनी टोपण लावलं आणि पुढच्या वर्षीपासून येऊ नका, तब्येत सांभाळा, असं प्रेमानं सांगितलं. फोन ठेवताना सर मला म्हणाले, "आता मला कोन काय इचारील, मॅडम?" मी म्हटलं, मी विचारीन ना. त्यांनी बरं म्हटलं.

मी विचारलं नाही. मुद्दाम नाही, तसं घडत गेलं. फेब्रुवारीत आई गेली. झोपेतच. ऑफिसमधले लोक भेटायला आले, वय काय होतं, आजारी होत्या का, हे विचारून गेले. सुट्टी संपली, कामावर हजर झाले. फ्लॅटवर रात्री जेवणानंतर फोनकडे बघायची सवय काही सुटली नाही. वाईचं घर बंद करून आले होते. आईचं कपाट तसंच होतं, तिच्या चाव्या माझ्या पर्समध्ये. तिचंही शेवटचं रिटर्न मलाच भरायचं होतं. मी बँकेतली बाई, दिवसभर लोकांना कागद आणायला सांगते. कपाट उघडायला दोन वेळा वाईला गेले आणि दोन्ही वेळा बाहेरच्या खोलीत बसून परत आले.

या जूनमध्ये सरांचाच फोन आला. आवाज खोल गेला होता. मागे तो जुना पंखा करकरत होता, म्हणजे जून असूनही कागद लावलेले नव्हते. माझ्या तब्येतीचं, बँकेचं, पुण्याच्या पावसाचं विचारून झालं. माझे कागद लागले का, असं विचारलं. मी म्हटलं, हो सर, ऑनलाइन पाच मिनिटांत झालं. मग शाळेतल्या आवाजात म्हणाले, "मग मॅडम, या वर्षी काही नवीन?"

काही नाही, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण पलीकडे कुणीतरी टोपण काढलेलं पेन हातात धरून बसल्यासारखी शांतता होती. मी म्हटलं, "आई गेली, सर."

सरांनी विचारलं, "दाखला मिळाला का?"

दुसऱ्या कुणी हे विचारलं असतं तर मला राग आला असता. मी म्हटलं, मिळाला, पर्समध्येच आहे. बाकीचे कागद कपाटात आहेत. आणि मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं तेही सांगितलं, की सर, माझ्यानं ते कपाट उघडवत नाही.

"उघडायचं, पन लावत बसायचं न्हाई," ते म्हणाले. माझ्याशी इतक्या वर्षांत अहो-जाहोशिवाय न बोललेला माणूस म्हणाला, "जसं हाय तसं पिशवीत भर आन हिकडं घेऊन ये, पोरी. आनी तिच्या भांड्यातलं काय जड असंल, तेबी आन."

मी हो म्हटलं असावं. ते उठल्याचा आवाज आला, चपला घासत भिंतीवरच्या फ्यूजकडे गेल्याचा आवाज आला. फोन त्यांच्या हातातच होता. पंख्याची करकर सावकाश होत गेली, आणि थांबली.